रोज एक तास श्रीमंत

२ फेब्रुवारी

डायरी लिहायची म्हणजे शाळेतला निबंध लिहायला बसल्यासारखं वाटतंय, पण सरांचा हुकूम आहे. सर म्हणजे माझ्या फोनमध्ये बोलतात ते. साडूभाऊंनी त्यांचा 'श्रीमंत मन' नावाचा कोर्स मला पाठवला. साडूभाऊंनी स्वतः तो केला आणि त्यानंतर बघता बघता गाडी घेतली. पांढरी, लांबलचक. काय आवाज आहे सरांचा! ऐकताना अंगावर काटा येतो. पहिल्याच धड्यात म्हणाले, मनात येईल ते लिहा, वहीपासून काही लपवू नका.

तर लिहितो. आज दुपारी दुकानाचे मालक आले. त्यांना हा गाळा विकायचा आहे. म्हणाले, "इतकी वर्षं भाड्याने आहात, म्हणून पहिला शब्द तुम्हाला. मे अखेरपर्यंत किमतीचा तिसरा हिस्सा बयाणा म्हणून द्या, बाकीचं बँकेचं बघू. नाहीतर शेजारचा मोबाईलवाला तयारच बसलाय." लग्न झालं त्या वर्षी हे दुकान टाकलं. सोफे, खुर्च्या, दिवाण, जे काही बसून बसून खचलं असेल ते आम्ही दुरुस्त करतो. पुढे माझं काम, मागच्या खोलीत हिचं मशीन, मध्ये पडदा. आता या वयात दुसरीकडे कुठे बूड टेकवणार? जवळ आहेत ते पैसे बयाण्याच्या पाव हिश्शालाही पुरायचे नाहीत.

हिला सांगितलं तर ही खोळ शिवता शिवता म्हणाली, "तुम्ही पोटातलं काम फुकट करता, मग पैसे कुठून साठणार?" तिचं हे जुनंच टुमणं आहे. माणूस कापड बदलायला येतो. मी कापड उसवून बघतो तर आत नवारीच्या पट्ट्या लोंबताहेत, स्प्रिंगा आडव्या पडल्यात. मग ते सगळं नवं करतो आणि पैसे कापडाचेच घेतो. आता जे गिऱ्हाइकाला दिसतच नाही त्याचे पैसे मागायचे कसे? माझं तोंडच उघडत नाही. भिडस्त माणूस मी.

५ फेब्रुवारी

दुसरा धडा. सर म्हणाले, "गरीब माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो, केव्हाही उठवतील म्हणून. रोज एक तास श्रीमंत माणसासारखं बसा. डोळे मिटा. बाहेरचा आवाज कानावर पडू देऊ नका. विश्व तुमच्याकडे पाहू लागेल."

मी फोन बंद केला आणि स्वतःकडे पाहिलं. मी स्टुलाच्या कडेवर बसलो होतो! अगदी कडेवर! आयुष्यभर लोकांची बसायची सोय केली आणि स्वतः तीन पायांच्या स्टुलावर. सरांना हे कसं कळलं?

पण धंद्यातला माणूस आहे मी. स्टुलावर कोणालाही श्रीमंतासारखं बसता येणार नाही, हे मी लिहून देतो. त्याला पाठीचा उतार लागतो, हाताला टेकण लागते, बैठक अशी लागते की बसल्यावर क्षणभर आत घेईल आणि मग उचलून धरेल. म्हणजे आधी खुर्ची करायला हवी. इतर शिष्य बिचारे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत असतील.

१८ फेब्रुवारी

झाली!

तेरा दिवस दुसऱ्या कामाला फारसा हात लावला नाही. एका जुन्या घरातून आलेला सागवानी सांगाडा माळ्यावर पडून होता, तो उतरवला. नवार दुहेरी विणली. प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आठही दिशांना बांधली, जशी मला शिकवणाऱ्यांनी शिकवली होती आणि जशी आता कोणी बांधत नाही. वर काथ्या, त्यावर पिंजलेला कापूस, मग पातळ फोम. कातडं गडद तपकिरी. ते शिवताना हिच्या मशीनची सुई दोनदा तुटली, पण शिवण अशी आली की नख फिरवलं तरी अडकत नाही. हिने कातड्याची किंमत विचारली. मी सांगितली. हिने कातडं उलटंपालटं करून पाहिलं, मग म्हणाली, "बरं. निदान चांगली तरी करा."

संध्याकाळी बसलो. काय सांगू! खुर्चीने मला आत घेतलं आणि मग हळूच वर उचललं. माझ्या हातून हे झालं? हिला म्हटलं, बसून बघ. ती म्हणाली, "मला शर्टांचे काजे करायचेत." ही फावल्या वेळात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडेही शिवते.

२० फेब्रुवारी

व्यवस्था ठरली. दहा ते अकरा मी पडद्यामागे खुर्चीत. कानात कापूस, डोळे बंद. हिचं मशीन तेवढा वेळ पुढे. गिऱ्हाईक आलं तर तिने त्याला थोपवून धरायचं. मी बजावलं, "भाव सांगू नकोस हं. श्रीमंत माणूस घाईने भाव सांगत नाही." ही "बरं" म्हणाली. माझी बायको फार कमी बोलते. तिच्यातही श्रीमंताचे गुण आहेत म्हणायचे.

१ मार्च

घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येतंय.

आज तास संपवून कानातला कापूस काढला, पडदा सारला, तर दारात एक तीन बैठकांचा सोफा आणि हिच्या हातात आगाऊ रक्कम. मी मोजली. चूक असेल म्हणून पुन्हा मोजली. सबंध कामाचे मी जेवढे सांगितले असते तेवढे नुसते आगाऊ!

"हे कसं काय?"

"दिले त्यांनी," ही म्हणाली.

दिले! मागितले नाहीत, दिले! मी आत डोळे मिटून बसलो होतो आणि बाहेर एक अनोळखी माणूस रस्त्यावरून येऊन पैसे देऊन गेला. सर म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. मी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. बाप रे, केवढी ही शक्ती, आणि ती इतकी वर्षं कुठे होती?

८ मार्च

आठवड्यात चार कामं, चारही दहा ते अकरामधली. दुपारी मी पुढे असतो तेव्हा येणारे मात्र घासाघीस करून जीव खातात. यावरून तासाचं महत्त्व कळतं.

एक तक्रार. ही हल्ली सोफे दारातच उलटे करून ठेवते, तळाचं काळं कापड फाडून, आतडी बाहेर. दुकानाची काही अब्रू? मी ओरडलो तर म्हणाली, "हवा लागू दे." शिवाय माझी टॉर्च जागेवर नसते. काल तिच्या मशीनच्या खणात सापडली. तिला चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला सांगितलं पाहिजे.

१६ मार्च

जजबाईंच्या घरी दोन खुर्च्या पोचवल्या. बाई पूर्वी न्यायाधीश होत्या. नजर अशी, की आपण काही न करताच गुन्हा कबूल करावा. मी बिल हातात दिलं. बिल हिने लिहिलेलं. आकडा मी तेव्हाच पाहिला. आता बाई फाडून खाणार!

बाईंनी शांतपणे पैसे काढून दिले. वर म्हणाल्या, "आत इतकं काही असतं, हे मला इतक्या वर्षांत कोणी दाखवलंच नव्हतं."

मी थक्क! म्हणजे बाईही अंतर्मनाची साधना करतात! मी म्हटलं, "बाई, आत अफाट आहे. डोळे मिटले की दिसतं." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दार लावून घेतलं. मोठी माणसं अशा गोष्टी उघडपणे बोलत नाहीत.

२९ मार्च

साडूभाऊ आले होते. चालत. गाडी कुठे विचारलं तर म्हणाले, "गाडीला जरा विश्रांती दिलीय." श्रीमंत माणसं वस्तूंचीही किती काळजी घेतात! म्हणाले, आता सरांचा सुवर्णस्तर आहे, त्यात प्रत्यक्ष भेट मिळते. फी जबर आहे, पण माझ्यामार्फत गेलात तर माझंही थोडं काम होईल. मी तर भारावूनच गेलो. पैशांच्या डब्यात आता बयाण्याच्या निम्मे जमलेत. त्यातून फी भरली तर विश्व दामदुप्पट करून देईल, मग दुकानच काय, अख्खी इमारत घेता येईल.

साडूभाऊ गेल्यावर हिला बोललो. ही कधी आवाज चढवत नाही. आज चढवला. "डब्याला हात लावलात तर मी बहिणीकडे निघून जाईन. आणि बहिणीच्या चुलीवर हल्ली काय शिजतंय ते मला ठाऊक आहे, म्हणूनच सांगते." मग मशीन इतक्या जोरात चालवलं की डबा मी होता तिथेच ठेवला. आधी दुकान, मग सुवर्ण.

११ एप्रिल

ही तापाने पडली आहे. सहावा दिवस. डॉक्टर म्हणतात उतरेल, पण अशक्तपणा राहील. सकाळी मऊ भात करून ठेवतो, औषध देतो आणि मग दुकान उघडतो. ती घरी आणि मी इथे, जीव काही लागत नाही. मशीन बंद असलं की दुकान दुसऱ्याचंच वाटतं.

साधना मात्र चुकवली नाही. उलट दोन तास बसतो. आणि तरी एकही काम नाही! समोरचा चहावाला म्हणाला, "माणसं येतात की. हाका मारतात, पडद्याखालून तुमचे पाय बघतात नि जातात." विश्व माझी परीक्षा बघतंय. काल दुपारी एक गृहस्थ आले तेव्हा मी मनाशी ठरवलं, आज मोठा आकडा सांगायचाच. छाती भरून श्वास घेतला, आणि तोंडातून कापडाचाच भाव निघाला. वर म्हटलं, "आतलं बघून घेतो, त्याचं काही नाही." माझ्या जिभेला काय झालंय?

खरं लिहायचं तर रात्रीपासून एक विचार छळतोय. ही दुकानात असली की विश्व देतं आणि नसली की देत नाही, असं का? पुष्कळ डोकं खाजवलं. शेवटी ध्यानात आलं. झाडताना ही खुर्ची जरा पूर्वेकडे सरकवते. मी ती आज बरोबर तशी सरकवली.

१२ एप्रिल

पूर्वेकडेही काही नाही.

२२ एप्रिल

ही आज परत दुकानात आली. हात अजून कापतात, दोरा ओवायला मला बोलावते. मी ओवून दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला दोरा ओवून दिला असेन. ती हसली. अकराला पडदा सारला तर एक दिवाण नि दोन खुर्च्या! साधना परत लागली. देवा, किती हलकं वाटलं. कामामुळे की ती हसल्यामुळे, ते कळलं नाही.

१७ मे

मालक आठवण करून गेले. मोबाईलवाला गाळ्याची लांबी-रुंदी मोजून गेला, माझ्यादेखत, पट्टी माझ्याच पायावरून ओढून. मी पाय मागे घेतला. डब्यात पुष्कळ आहेत, पण पुरेसे नाहीत. दिवसरात्र काम चाललंय, बोटांना खिळे टोचून टोचून भोकं पडलीत. राहिलेल्या दिवसांत ही तूट भरून निघेल असं कागदावर तरी दिसत नाही. सर म्हणतात शंका ही गळती आहे. मग माझ्यात पाणीच उरलं नसेल.

२७ मे

आज जे घडलं ते लिहिताना आधी राग लिहावा की आश्चर्य, कळत नाही.

सकाळी एक सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवून आलो. घामाघूम. दहाला पाच कमी. कानात कापूस घातला, पडदा सारला, तर खुर्ची नाही. जमिनीवर चार पायांच्या चार खुणा.

"खुर्ची कुठाय?"

"विकली."

मी ओरडलो, "अगं, माझी साधना विकलीस तू!"

"खुर्ची विकली. साधना इथेच असेल, बसा स्टुलावर."

काय काय बोललो ते लिहीत नाही. दुकानाबाहेर माणसं थांबली एवढं लिहितो. हिने सगळं ऐकून घेतलं, मग मशीनचा खण उघडला आणि नोटांचं पुडकं माझ्या हातात ठेवलं. जजबाईंनी पडद्याच्या फटीतून खुर्ची पाहिली म्हणे आणि विचारलं. हिने ती उलटी केली, तळाचं कापड उसवलं, बाईंना टॉर्च दिली. बाई गुडघे टेकून खाली बसल्या, आत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हीच हवी."

मी पुडकं मोजलं. एका खुर्चीचे! एवढे पैसे मी वर्षभराच्या भाड्याला देतो. मग बसलो, स्टुलावरच, कडेवर. माझ्या हातांनी बांधलेल्या स्प्रिंगांसमोर जजबाई गुडघ्यावर बसल्या होत्या. आणि बयाणा पुरा झाला होता. मी हिच्याकडे पाहिलं तर ती सुई बदलत होती.

२८ मे

दहा वाजले. खुर्ची नाही, मग डोळे मिटून काय करू? सवयीने पडद्यामागे स्टुलावर बसलो. कापूस घातला नाही. पडद्याच्या फटीतून पुढचं दिसत होतं.

एक गृहस्थ आले, टेम्पोत सोफा घेऊन. चांगल्या कपड्यातले, घाईत. "फक्त कापड बदलायचंय." ही उठली. अजून अशक्त आहे, पण त्यांच्याच ड्रायव्हरकडून सोफा उलटा करून घेतला. कात्रीने तळाचं कापड कापलं. टॉर्च त्यांच्या हातात दिली. "हात घाला आत," म्हणाली. गृहस्थ कचरले. "घाला हो, चावत नाही." त्यांनी घातला आणि तुटक्या नवारीची पट्टी हातात आली. ही म्हणाली, "याच्यावर कापड टाकलं तर सहा महिन्यांत पुन्हा याल. माझे मिस्टर आतलं नव्याने बांधतात. सुतळीने, हाताने, एकेक स्प्रिंग. हे बघा," आणि परवा पुऱ्या झालेल्या खुर्चीच्या पोटात टॉर्च मारली. "असं बांधणारं माणूस तुम्हाला सापडलं तर मला पण दाखवा. कापडाचे एवढे. आतल्या कामाचे एवढे."

आकडा ऐकून मी पडद्यामागे डोळे मिटून घेतले. भीतीने.

गृहस्थ म्हणाले, "आतलं जरा जास्त होतंय." मी असतो तर तिथल्या तिथे निम्म्यावर आलो असतो. हिने टॉर्च त्यांच्या हातात परत दिली. जाऊन मशीनवर बसली आणि शिवण घालायला लागली. खर्रर्र. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, खुर्चीच्या पोटात पुन्हा डोकावले, आणि खिशात हात घातला.

मी तसाच बसून राहिलो. एक मार्चचा सोफा, जजबाई, टॉर्च, हवा लागू दे, सगळं एकापाठोपाठ एक समोर येत गेलं. एप्रिलचा ताप आला तेव्हा मला आतून हलल्यासारखं झालं. मी विश्व विश्व म्हणत होतो ते चष्मा लावून पलीकडे काजे करत बसलं होतं. मी जे काम करतो त्याचं मला कधी एवढं कौतुक नव्हतं, जेवढं तिच्या आवाजात होतं. आणि ते तिने मला नाही, गिऱ्हाइकांना सांगितलं, रोज, मी कानात कापूस घालून बसलेला असताना. लाज वाटली, पण त्याहून जास्त काही तरी वाटलं. उंच इमारतीखाली उभं राहून वर बघताना टोपी पडते ना, तसं.

संध्याकाळी डबा बांधला. उद्या मालकांना बयाणा द्यायचा. कागद कुणाच्या नावाने करायचा ते त्यांनी विचारलंय. ही दिवे मालवायच्या आधीचं शेवटचं शिवत होती. मी स्टूल ओढून तिच्या मशीनशेजारी बसलो.

म्हटलं, "इतकी वर्षं तू इथे काम करतेस. खोळी, बिलं, गिऱ्हाइकं. त्याचं तुला मी कधी काही दिलं नाही. मागितलं नाहीस तू."

"हं."

"किती झाले तुझे?"

तिने वर पाहिलं नाही. उत्तर मात्र इतक्या पटकन आलं, की ते फार दिवसांपासून तयार असावं.

"अर्धं दुकान," ती म्हणाली.

आणि मशीन सुरू केलं. खर्रर्र. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे मी सकाळीच पाहिलं होतं, पडद्याच्या फटीतून, आणि तरी माझा हात खिशाकडे गेला. मशीन थांबलं. तिने कापड वळवलं. पुन्हा सुरू केलं.

मी घासाघीस केली नाही. रीळ संपत आलं होतं, दुसरं काढून तिला दोरा ओवून दिला. उद्या सकाळी मालकांकडे दोघं जायचं आहे. तिला सही करताना चष्मा लागतो, तो आठवणीने घ्यायला हवा.